सी-फेसिंग, साउंडप्रूफ, भरपूर उजेड

फ्लॅटच्या जाहिराती लिहिणाऱ्या माणसाला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर नेमकं कुठलं वाहन असतं, एवढंच विचारायचंय. पण परवा एका ब्रोकरकडून व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज वाचला आणि म्हटलं, बॉस, या माणसाने तर एका ओळीत फिजिक्सचे तीन धडे कोंबलेत. 'वन बीएचके, सी-फेसिंग, साउंडप्रूफ विंडोज, भरपूर उजेड, ओन्ली वर्किंग प्रोफेशनल्स.' भाड्याचा आकडा सांगत नाही, तुमचाही मूड जाईल. पण बघा ना, समुद्र, आवाज आणि उजेड. तिन्ही लाटाच. एक घरात हवी म्हणून आपण जास्त पैसे मोजतो, एक घराबाहेर राहावी म्हणून मोजतो, आणि तिसरी नुसती खिडकीतून दिसावी म्हणून तर ईएमआय आयुष्यभर भरतो.

आता 'लाट' म्हटल्यावर शाळेतल्या त्या वळवळणाऱ्या रेघेची आकृती आठवून जांभई येत असेल, तर आधी दादरला चला. फास्ट ट्रेन, संध्याकाळचे सात. दारातला एक काका आत रेटा देतो. तो रेटा माणसामाणसांतून सरकत सरकत थेट विंडो सीटपर्यंत पोहोचतो. काका दारातच, तुम्ही तुमच्या जागी, पण रेटा मात्र डबाभर फिरून आला. हा झाला आवाज. हवेचे कण जागच्या जागी पुढेमागे हलतात आणि रेटा पुढे जातो. आता वानखेडेवरची मेक्सिकन वेव्ह आठवा. माणसं उठतात, बसतात, म्हणजे वरखाली होतात, आणि लाट मात्र आडवी पळते. समुद्राची लाट बरीचशी अशी. बरीचशी म्हणजे, पाण्याचा थेंब नुसता वरखाली न होता जागच्या जागी गोल गिरकी घेतो. आणि प्रकाश? त्याला डबाही लागत नाही आणि स्टेडियमही. मधे काहीच नसलं तरी तो येतो. सूर्यावर सतत चाललेली घुसळण आपल्याला ऐकू येत नाही, कारण मधल्या पोकळीत रेटा द्यायला कुणी नाही. उजेड मात्र आठ मिनिटांत पोहोचतो. वेगाचं म्हणाल तर प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर, हवेतला आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो तो यामुळेच, हे आठवीतली मुलंही सांगतील. तो भाग सोडून देऊ.

खरा फंडा वेगात नाहीच. तो मापात आहे. म्हणजे एका लाटेपासून दुसऱ्या लाटेपर्यंतचं अंतर, ती तरंगलांबी. हिरव्या प्रकाशाची एक लाट मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागाएवढी. तुमच्या एका केसाच्या जाडीत अशा शंभरेक लाटा आरामात बसतील. आपल्याला ऐकू येणारा आवाज सुरू होतो पावणेदोन सेंटीमीटरपासून आणि जातो थेट १७ मीटरपर्यंत, म्हणजे बेस्टच्या बसपेक्षाही लांब. आणि दर आठ सेकंदांनी एक अशी येणारी समुद्राची लाट खोल पाण्यात सुमारे १०० मीटर लांब असते.

आता नियम ऐका, एकच आहे. अडथळा लाटेपेक्षा खूप मोठा असेल तर लाट अडते आणि मागे स्वच्छ सावली पडते. अडथळा लाटेच्या मापाचा किंवा त्याहून लहान असेल तर ती त्याला वळसा घालून मागे हजर होते. पुस्तकात याला 'विवर्तन' असा भारदस्त शब्द आहे. आई स्वयंपाकघरातून हाक मारते तेव्हा हाक बेडरूमपर्यंत येते, आई दिसत नाही. हाकेच्या लाटा हातभर, दोन हात, दारच्या चौकटीच्याच मापाच्या. त्या कोपऱ्यावरून वळतात, भिंतींवर आपटत येतात. प्रकाशाला मात्र तीच चौकट म्हणजे अरबी समुद्र. वळायचा प्रश्नच नाही.

त्यामुळे जाहिरातीतल्या तीनपैकी सगळ्यात सोपं प्रकरण उजेडाचं. नको असेल तर दोनशे रुपयांचा जाडसर पडदा लावा, विषय संपला. कापडाचा धागाही प्रकाशाच्या दृष्टीने अवाढव्य आहे. तरी दोन गोष्टी सांगते, कारण त्यात आपल्या पिढीचे पैसे आणि डोळे दोन्ही अडकलेत.

पैशांची आधी. लिंकिंग रोडवर 'मॅडम, ओरिजनल पोलराइज्ड' म्हणून जे गॉगल गळ्यात मारतात, ते खरंच तसे आहेत का हे तिथल्या तिथे कळतं. प्रकाशाची लाट वानखेडेवाल्या जातीची, ती ज्या दिशेने जाते तिच्याशी काटकोनात थरथरते. आडवी थरथर, उभी थरथर, तिरकी थरथर, सगळं असतं. पोलराइज्ड काच त्यातली एकच थरथर आत सोडते. समुद्रावरून किंवा ओल्या रस्त्यावरून डोळ्यांत घुसणारी झगझग बहुतेक आडवी असते, तेवढीच ती काच अडवते. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनमधून येणारा प्रकाशही असाच एका दिशेचा असतो. गॉगल स्क्रीनसमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन काळी झाली तर माल खरा. नाही झाली तर भाव पाडा. आवाजासाठी असला गॉगल कधीच बनणार नाही, कारण हवेतला आवाज दादरच्या रेट्यासारखा आहे, जायच्या दिशेनेच पुढेमागे. त्याला आडवं-उभं असं काही नसतंच.

आता डोळ्यांचं, आणि हे चेष्टेवारी नेऊ नका. साधा दिवा लांब गेला की मंद होतो, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. लेझर पसरतच नाही म्हटलं तरी चालेल. मिरवणुकीतला लेझरचा झोत लांबवर जवळपास तसाच राहतो, आणि वर तुमच्या डोळ्यातलं भिंग तो सगळा गोळा करून पडद्याच्या एका टिंबावर आणून ठेवतं. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. ताकदवान लेझरला तेवढा वेळ पुरून उरतो. पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे नाचणाऱ्याला काही झालंय हे त्या क्षणी समजतही नाही. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकांनंतर नाशिक आणि पुण्यातल्या नेत्रतज्ज्ञांकडे पडद्याला इजा झालेले तरुण आले. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी उत्सवात लेझर बीम वापरायला मनाई केली. मोबाइलने शूट करताना झोत कॅमेऱ्यावर आला तर सेन्सरवर कायमची रेघ उमटू शकते, एवढं सांगितल्यावर माझ्या काही मित्रांनी अंतर राखायला सुरुवात केली. डोळ्यांपेक्षा फोनची काळजी जास्त. असो.

आता आवाजाकडे येऊ. खरा झोल इथे आहे.

माझी रूममेट अमेरिकेतल्या क्लायंटच्या वेळेत काम करते. म्हणजे दूधवाला बेल वाजवतो तेव्हा बाईसाहेबांची रात्र सुरू होते. आमच्या बिल्डिंगमागे एक हॉल आहे. साखरपुडा, मुंज, लग्न, पहिला वाढदिवस, पंचाहत्तरी, वर्षभर हाउसफुल. आणि हल्ली मुंजीतसुद्धा डीजे असतो. बटू बिचारा लंगोटीत आणि मागे धडाम धडाम. चार महिने झोप नीट न झाल्यावर तिची जी अवस्था झाली ती मी रोज बघत होते. चिडचिड, डोकेदुखी, कॉलवर बोलता बोलता शब्द न आठवणं. एकदा तिने गॅसवर दूध ठेवलं आणि समोरच उभ्या उभ्या झोपली. शेवटी तिने एका दुकानातून 'साउंडप्रूफिंग' म्हणून अठरा हजारांचा फोम बेडरूमच्या भिंतींना चिकटवून घेतला. काळा, खडबडीत, स्टुडिओत असतो तसा. दिसायला एकदम सही. पहिल्याच मुहूर्ताला कळलं की धडाम जसं होतं तसंच आहे.

फोमची चूक नाही हो. फोमचं काम वेगळंच आहे. खोलीतला आवाज भिंतींवर आपटून घुमतो, ते घुमणं तो शोषतो. भिंतीपलीकडून येणाऱ्याला अडवणं हा त्याचा धंदाच नाही. आणि शोषायचं म्हटलं तरी पुन्हा मापाचा प्रश्न. लाट नीट शोषायला फोमची जाडी तिच्या साधारण चौथ्या भागाएवढी लागते. ५ सेंटीमीटरचा फोम बोलण्यातले स, श, च गिळेल. पण डीजेचा बेस, म्हणजे ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज, त्याची लाट जवळपास ७ मीटर लांब. तिच्यासाठी भिंतीवर पावणेदोन मीटर फोम हवा. आमच्या बेडरूमला तो लावला असता तर पलंग हॉलमध्ये आला असता.

अडवायचं असेल तर दोनच गोष्टी चालतात: वजन आणि हवाबंदपणा. भिंतीचं किंवा काचेचं वजन दुप्पट केलं की साधारण ५ ते ६ डेसिबल आवाज कमी येतो. विटांची नऊ इंची भिंत आणि हल्लीचं हलक्या ब्लॉकचं चार इंची पार्टिशन यांतला फरक शेजाऱ्यांची भांडणं किती शब्दशः ऐकू येतात यावरून कळतोच. पण खरी गंमत फटीत आहे. खिडकीच्या शंभराव्या भागाएवढी फट राहिली, तर बाकीची काच तोफखान्याची असली तरी आवाज २० डेसिबलच्या वर कमी होणार नाही. आणि मुंबईतल्या बहुतेक फ्लॅट्सना असतात सरकत्या खिडक्या, ज्यांच्या बिजागरीला मुळात बिजागरीच नसते. दोन पल्ल्यांमध्ये झुरळ आरामात मॉर्निंग वॉकला जाईल एवढी जागा. जाहिरातीत 'साउंडप्रूफ विंडोज' वाचलंत, तर काचेची जाडी विचारू नका. खिडकी सरकते की उघडते ते विचारा. बिजागरीवर उघडणारी, चारी बाजूंनी रबर असलेली आणि कडी लावल्यावर घट्ट दाबून बसणारी असेल तर पुढची बोलणी करा. दोन काचांच्या खिडकीचं कौतुकही जरा बेतानेच. दोन काचांमध्ये १२ मिलिमीटर हवा हा प्रकार मुख्यतः उष्णता अडवायला चांगला. ट्रॅफिक अडवायचं तर दोन काचा १०० मिलिमीटर किंवा जास्त अंतरावर हव्यात, म्हणजे असलेल्या खिडकीच्या आत दुसरी खिडकी. स्वस्त नाही, पण फोमसारखे पैसे पाण्यात तरी जात नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या काकूंचा खलबत्ता हे वेगळंच प्रकरण. तो आवाज हवेतून येतच नाही, स्लॅबमधून येतो. हवेत ३४३ मीटर पळणारा आवाज लोखंडात सेकंदाला पाच हजार मीटर पळतो आणि वाटेत फारसा थकतही नाही. त्याला तुमच्या छताला काहीही लावून उपयोग नाही. काकूंना खलबत्त्याखाली ठेवायला जाड रबराची चटई भेट द्या, वर तिळगूळ.

बेसची कथा अजून संपलेली नाही, कारण त्यात कायदाही येतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते ६. त्या वेळात उघड्यावर लाउडस्पीकर बंद, फक्त सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. छान. माझी रूममेट एका दुपारी त्या हॉलच्या मॅनेजरकडे गेली. त्याने खिशातून मोबाइल काढला, ॲप उघडलं, तिच्याबरोबर आमच्या बेडरूमपर्यंत आला आणि आकडा दाखवला. ५३. 'मॅडम, लिमिटमध्ये आहे.' खिडकीची काच थरथरत होती, पाण्याच्या ग्लासात वर्तुळं उठत होती आणि आकडा ५३.

मोबाइलचा मायक्रोफोन बेसच्या बाबतीत कच्चा असतो, ते सोडून द्या. पण भारी मीटर आणला असता तरी आकडा फार वेगळा आला नसता. कारण नियमातला डेसिबल हा साधा डेसिबल नाही, तो 'डेसिबल ए' आहे. माणसाच्या कानाला हळू आवाजातले खर्जाचे सूर कमी ऐकू येतात. ते लक्षात घेऊन १९३० च्या दशकात ही मोजपट्टी बेतली गेली. ती खर्जातल्या आवाजाला भरघोस डिस्काउंट देते. ५० हर्ट्झला तब्बल ३०. म्हणजे ५० हर्ट्झचा आवाज प्रत्यक्षात ८५ डेसिबल असला तरी कागदावर ५५. बरोब्बर निवासी मर्यादेएवढा! हळू आवाजांसाठी हा हिशोब ठीक आहे. पण आवाज मोठा झाला की कान खर्जाला इतका बहिरा राहत नाही, आणि छातीला तर तो लागतोच. त्यात वजनदार भिंत आणि बंद खिडकी उंच सूर अडवतात आणि बेसला आत सोडतात. म्हणून बंद खोलीत गाणं येत नाही, शब्द येत नाहीत, फक्त धडाम येतं. आपण त्रासलेले, मीटर खूश.

माझं मत विचाराल तर लग्नाच्या हॉलसाठी आणि मिरवणुकीसाठी 'ए'बरोबर 'सी' मोजपट्टीही नियमात यायला हवी. ती खर्जाला असं डिस्काउंट देत नाही. चांगल्या मीटरवर दोन्हींची सोय असते. दोन आकड्यांत १५-२० चा फरक आला तर समजायचं, दुखणं बेसचं आहे. कायदा बदलेपर्यंत आमच्याकडे वेळ नव्हता. रूममेटने मॅनेजरचा नाद सोडला आणि थेट मिक्सरवर बसणाऱ्या पोराला गाठलं. 'गाणी लाव, जोरात लाव, फक्त बेस खाली घे आणि ते खालचे मोठे डबे आमच्या भिंतीकडून उचलून स्टेजच्या दुसऱ्या बाजूला ठेव.' पोरगं समजूतदार निघालं. पहिल्यांदाच कुणी त्याला 'आवाज बंद कर' सोडून दुसरं काही सांगितलं होतं म्हणे. ती आता साधारण पाच तास सलग झोपते. मुहूर्त नसेल तर सात.

आणि कानांचं. कानाला पापणी नसते. आतल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. ८५ डेसिबलला रोज आठ तास ही कामाच्या जागेसाठी सर्वसाधारण धोक्याची रेघ. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. या हिशोबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. डीजेच्या भिंतीसमोर किंवा क्लबमध्ये स्पीकरला टेकून आपण किती वेळ असतो ते तुमचं तुम्ही मोजा. दुसऱ्या दिवशी कानात 'सूंऽऽ' आवाज येतो ना, तो हँगओव्हर नाही, कानाची तक्रार आहे. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, शंभर रुपयांच्या आत. या एका बाबतीत फोम खरंच कामाला येतो.

फ्लॅट बघायला जाताना ब्रोकर तुम्हाला भर दुपारी बोलावतो. उजेड दाखवायला, असं तो म्हणतो. पण दुपारचं आणखी एक रहस्य आहे, आणि ते तिन्ही लाटांना लागू होतं. शाळेतलं लेझीम आठवतंय? वीस मुलांची आडवी रांग चाललीय आणि उजव्या टोकाची मुलं चिखलात शिरली. ती स्लो होतात, डावीकडची त्याच वेगात पुढे, आणि अख्खी रांग चिखलाकडे वळते. लाटांचं अगदी असंच. ज्या बाजूला वेग कमी, तिकडे लाट वळते. आवाज गरम हवेत जास्त वेगाने जातो, दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटर जास्त. दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली आणि वर थंड, म्हणून लांबचा आवाज वर वळून निघून जातो. हिवाळ्यातल्या रात्री उलटं, जमीन थंड आणि वर ऊब. आवाज खाली वळतो, आणि तीन किलोमीटरवरच्या लोकलचा भोंगा उशाशी वाजतो. प्रकाशाचंही तेच. तापलेल्या डांबरावर तो वर वळतो, म्हणून एक्स्प्रेसवेवर पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं. ते पाणी म्हणजे वळलेलं आकाश. तात्पर्य काय, तर फ्लॅट रात्री अकराला बघा. ब्रोकर नाराज होईल, होऊ दे.

समुद्राच्या लाटेचा वेग ठरतो खोलीवर. उथळ पाण्यात ती मंदावते. म्हणून वारा कुठूनही येवो, जुहूला लाटा जवळपास किनाऱ्याला समांतर होऊनच येतात, लेझीमच्या रांगेसारख्या वळून. आणि याच कारणाने समुद्रात घुसलेल्या टोकांवर लाटा दोन्ही बाजूंनी वळून एकवटतात, तर खाडीत आणि आत वळलेल्या किनाऱ्यावर पसरून शांत होतात. 'पॉइंट', 'हेड', 'बँडस्टँड' अशा नावांच्या जागा फोटोला बेस्ट का दिसतात, त्याचं उत्तर इथे आहे. आणि तिथे धोका का, त्याचंही. २०२३ च्या जुलैमध्ये बँडस्टँडच्या खडकांवर फोटो काढत बसलेल्या एका बाईला लाट घेऊन गेली. मुलं समोर व्हिडिओ काढत होती. आपण दहा मिनिटं उभं राहून अंदाज बांधतो की पाणी 'इथपर्यंत' येतं. पण लाटा एकमेकींतून आरपार जातात, आणि जाताना त्यांच्या उंच्यांची बेरीज-वजाबाकी होते. समुद्रात अनेक लाटा एकदम धावत असतात, त्यामुळे नेहमीच्या मोठ्या लाटांच्या दुप्पट उंचीची एखादी लाट तीनेक हजार लाटांमध्ये एकदा येतेच. आठ सेकंदांना एक धरलं तर साडेसहा-सात तासांत एक. दहा मिनिटांच्या अंदाजात ती बसत नाही.

माझ्याच धंद्यातल्या लोकांनी यात भर घातलीय. पावसाळा आला की बातमी येते, 'आज ४.८ मीटर उंच लाटा उसळणार'. भंकस आहे ही. ४.८ हा भरतीचा आकडा आहे, लाटेचा नाही. भरती हीसुद्धा एक लाटच, पण हजारो किलोमीटर लांबीची, सव्वाबारा-साडेबारा तासांनी येणारी. हा आकडा मोजतात तो नीच ओहोटीच्या जवळपासच्या एका ठरलेल्या रेषेपासून. म्हणजे त्या दिवशी पाण्याची पातळीच तेवढी वर असते आणि उसळणाऱ्या लाटा त्याच्या डोक्यावर. वारा नसेल तर ४.८ च्या भरतीलाही समुद्र तळ्यासारखा असू शकतो. आणि वारा सुटला असेल तर ४ च्या भरतीलाही नाही.

मरीन ड्राइव्हवर सरळ भिंत आहे, तिथे लाट आरशावरच्या प्रकाशासारखी उलटी फिरते, येणारीला भेटते आणि भिंतीशी उंची जवळपास दुप्पट होते. तोच तो वर उडणारा फवारा, ज्याखाली आपण भिजतो. त्यासाठीच ते चार पायांचे काँक्रीटचे टेट्रापॉड. १९५० मध्ये फ्रान्समध्ये निघालेली आयडिया. ते पाणी अडवत नाहीत. पायांच्या फटींमधून घुसळून घुसळून ते लाटेला दमवतात. आवाजाला फोम, तसा समुद्राला टेट्रापॉड. म्हणून त्यांच्यावर चढून बसू नका. मधल्या फटींमध्ये जे चाललेलं असतं ते वॉशिंग मशीन आहे.

आता वीकएंड. अलिबाग, काशीद, गुहागर, जिथे कुठे तुमची गँग निघाली असेल. पाण्यात लाट बाटलीला वरखाली करते, कुठे नेत नाही, असं शाळेत शिकवलं ते खोल समुद्रात बऱ्यापैकी खरं. किनाऱ्याजवळ मात्र पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीवर आली की लाट फुटते, आणि फुटली की खरोखरच पाणी घेऊन किनाऱ्यावर येते. प्रकाश किंवा तुमच्या खोलीतला आवाज असं कधी करत नाही. आता हे वर आलेलं पाणी परत जाणार कुठून? ते एखाद्या खोलगट पट्ट्यातून नदीसारखं समुद्राकडे धावतं. यालाच रिप करंट म्हणतात. त्या पट्ट्यात पाणी खोल, म्हणून तिथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, शांत पाणी. पोहता न येणाऱ्यांना तीच जागा सेफ वाटते आणि ते तिथेच उतरतात.

त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो. तरंगत राहा, हात वर करा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा. पट्टा सहसा रुंद नसतो. मग फेसाळत्या लाटांबरोबर आत या. पाण्यात उतरण्याआधी मात्र पाच मिनिटं वाळूवर उंच जागी उभं राहून तो गडद पट्टा शोधा. पोलराइज्ड गॉगल असेल तर पाण्यावरची झगझग जाते आणि पट्टा जास्त स्पष्ट दिसतो. लिंकिंग रोडवरचा चालेल, फक्त लॅपटॉपसमोर फिरवून बघितलेला हवा.